नावाची सुनावणी : 'फिरोज' कोणाचा?

१/
समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी एक 'शोध' नव्याने लागतो. फिरोज गांधी मुसलमान होते, आणि ही गोष्ट देशापासून लपवून ठेवली गेली, असा तो शोध. पुरावा काय, असे विचारले की उत्तर येते, "नाव पाहा ना!" या धाग्यात मी तेच करणार आहे. नाव पाहणार आहे. मात्र नीट, मुळापासून. धागा दीर्घ आहे. शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

२/
या 'शोधा'ची तर्कसाखळी आधी मांडून घेऊ. 'फिरोज' हे उर्दू नाव आहे. उर्दू ही मुसलमानांची भाषा आहे. म्हणून फिरोज हे मुसलमानी नाव आहे. म्हणून फिरोज नावाचा माणूस मुसलमान आहे. आणि तो तसे सांगत नसेल, तर तो काहीतरी लपवतो आहे. पाच कड्यांची ही साखळी आहे. माझे म्हणणे असे, की हिची एकही कडी इतिहासाचा भार पेलत नाही.

३/
पहिली गोष्ट अर्थाची. फिरोज म्हणजे विजयी, यशस्वी. इथवर सर्वांचे एकमत आहे. गोंधळ होतो तो उगमाविषयी. मुलांच्या नावांच्या पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर या नावापुढे अनेकदा बेधडक 'अरबी' असे छापलेले असते. तिथून ते लोकांच्या डोक्यात जाते, आणि डोक्यातून भांडणात. हा शब्द अरबी नाही. तो इराणी आहे, आणि इस्लामच्या उदयाच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे.

४/
मध्य-फारसी, म्हणजे पहलवी भाषेत या शब्दाचे रूप 'पेरोज' असे होते. हे रूप लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे. इराणवर इ. स. २२४ ते ६५१ या काळात सासानी घराण्याचे राज्य होते. राजधर्म जरथुश्त्री, पूजा अग्नीची. त्या घराण्यात पेरोज नावाचा सम्राट होऊन गेला. कारकीर्द इ. स. ४५९ ते ४८४. हूणांची एक शाखा मानल्या जाणाऱ्या हेफ्थलाइटांशी लढताना तो रणांगणात मारला गेला. त्याच्या नाण्यांवर त्याचे नाव पहलवी लिपीत कोरलेले आहे.

५/
म्हणजे 'विजयी' नावाचा राजा पराभूत होऊन मेला, आणि तरीही नाव टिकले. कारण तो शब्द एका माणसाचा नव्हता, साऱ्या राज्याच्या भाषेचा होता. पहिल्या शापूरने रोमनांवरील विजयाच्या स्मरणार्थ युफ्रेटिसच्या काठच्या नगराला 'पेरोज-शापूर' असे नाव दिले होते, तेही सम्राट पेरोजच्या दोनशे वर्षे आधी. प्रेषित मुहंमदांचा जन्म इ. स. ५७० च्या सुमाराचा. आता 'मुसलमानी नाव' या विशेषणाचे काय करायचे, ते आपणच ठरवा.

६/
मग 'पेरोज'चा 'फिरोज' कसा झाला? उत्तर सोपे आहे. अरबी वर्णमालेत 'प' हा ध्वनी नाही. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकला तेव्हा असंख्य फारसी शब्द अरबी जिभेवरून आणि अरबी लिपीतून गेले. त्या प्रवासात पुष्कळ ठिकाणी 'प'चा 'फ' झाला. इराणमध्ये 'पीरूज' आणि 'फीरूज' ही दोन्ही रूपे पुढे नांदत राहिली.

७/
याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. 'पारसी' आणि 'फारसी' हे मुळात एकच शब्द आहेत. पार्स या प्रांताचे, तेथील लोकांचे, तेथील भाषेचे नाव पारसी. अरबी उच्चारातून आले की फारसी. मराठीने दोन्ही रूपे घेतली आणि कामे वाटून दिली : समाजाला पारसी, भाषेला फारसी. हत्तीचेही तसेच. फारसी 'पील', अरबी 'फील'. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीतील 'पीलखाना' आठवा. तिथे आपण फारसी 'प' जपून ठेवला आहे.

८/
म्हणून 'फ' हा फार तर प्रवासाचा शिक्का आहे. पारपत्रावर मुक्कामाचा शिक्का असतो, तसा. शिक्क्यावरून माणूस कोठून गेला ते कळते. कोठे जन्मला ते कळत नाही.

९/
या शब्दाचा एक भाऊ आहे : फिरोजा हा खडा, आकाशी-हिरवट रंगाचा. मराठीत 'फिरोजा' आणि 'पिरोजा' ही दोन्ही रूपे चालतात, आणि 'फिरोजी' रंग तर साडीच्या दुकानात रोज ऐकू येतो. संस्कृत निघंटूंमध्येही या रत्नाला 'पेरोज' असे नाव आहे. संस्कृतनेही 'प'च ठेवला! खाणी प्रसिद्ध त्या इराणातील निशापूरच्या. युरोपात मात्र त्याला 'टर्क्वाइज', म्हणजे 'तुर्की दगड' म्हणू लागले, कारण तो तुर्की बाजारपेठांतून तिकडे पोहोचला. वाटेलाच उगम मानण्याची खोड काही फक्त आपली नाही.

१०/
आता दुसरी कडी : अरबांच्या विजयानंतर काय झाले? सासानी साम्राज्याचा शेवटचा सम्राट तिसरा यज्दगर्द इ. स. ६५१ मध्ये मर्वजवळ मारला गेला. त्याचा मुलगा आश्रयासाठी पूर्वेकडे गेला आणि अखेर चीनच्या तांग दरबारात राहिला. त्या राजपुत्राचे नाव पेरोज. अरब विजेत्यांपासून दूर गेलेल्या या निर्वासिताचे नाव आज आपल्याकडे 'मुसलमानी' ठरते, याला काय म्हणावे!

११/
त्याच शतकातील आणखी दोन माणसे पाहा. मदिनेत इ. स. ६४४ मध्ये दुसरे खलिफा उमर यांच्यावर प्राणघातक हल्ला करणारा इराणी गुलाम अबू लुलुआ. त्याचे नाव फिरोज. येमेनमध्ये इ. स. ६३२ च्या सुमारास, स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्या अस्वद अल-अन्सीला ठार करणारा आणि मुसलमान जगात प्रेषितांचा सहाबी म्हणून आदर लाभलेला योद्धा. त्याचेही नाव फिरोज, फिरोज अल-दैलमी. येमेनमध्ये स्थायिक झालेल्या इराणी सैनिकांच्या वंशातील तो.

१२/
खलिफाचा मारेकरी फिरोज आणि इस्लामचा रक्षणकर्ता म्हणून गौरवला गेलेला वीरही फिरोज. नावाने कोणाची बाजू घेतली? कोणाचीच नाही. दोघांविषयी नाव एवढेच सांगते, की यांचे आईबाप किंवा पूर्वज इराणी बोलत होते. नावाकडून इतिहासाला मिळणारी माहिती बहुधा एवढीच असते. त्याहून अधिक वदवून घ्यायला गेलो, की ती साक्ष उरत नाही. तो जबरीने घेतलेला कबुलीजबाब होतो.

१३/
कोणी विचारील, इराणी लोक मुसलमान झाल्यावर त्यांनी ही जुनी नावे टाकून का दिली नाहीत? टाकली नाहीत, हेच तर महत्त्वाचे. रुस्तम, जमशेद, फरीदून, बहराम ही इस्लामपूर्व इराणची नावे पुढेही मुसलमान घरांत राहिली. 'परवेज'चे उदाहरण तर विलक्षण आहे. सासानी सम्राट दुसऱ्या खुस्रोचे (इ. स. ५९० ते ६२८) हे बिरुद. इस्लामी परंपरा सांगते, की प्रेषितांनी पाठविलेले पत्र याच खुस्रोने फाडून टाकले. तरीही परवेज नावाची मुले दक्षिण आशियात घरोघरी आहेत. आणि परवेजचा अर्थ? तोही 'विजयी'.

१४/
धर्म बदलला म्हणून आजीच्या तोंडची नावे एका रात्रीत बदलत नाहीत. नाव ठेवले जाते ते कानाला गोड लागते म्हणून, आजोबांचे होते म्हणून, कथेतला वीर आवडला म्हणून. धर्मशास्त्र पाहून ठेवलेली नावेही असतात. परंतु प्रत्येक नाव तसे ठेवलेले असते, ही समजूत इतिहासाला धरून नाही.

१५/
आता भारतात येऊ. दिल्लीच्या तख्तावर जलालुद्दीन फिरोज खल्जी (१२९० ते १२९६) आणि फिरोजशाह तुघलक (१३५१ ते १३८८) हे दोन सुलतान झाले. तुघलकाने टोपरा आणि मेरठ येथून अशोकाचे स्तंभ दिल्लीस आणविले. फिरोजशाह कोटल्यावरचा स्तंभ आजही उभा आहे. दख्खनमध्ये बहमनी सुलतान ताजुद्दीन फिरोजशाह (१३९७ ते १४२२) गुलबर्ग्यास राज्य करीत होता आणि त्याने भीमेच्या काठी फिरोजाबाद वसविले. हे सारे मुसलमान राज्यकर्ते होते, हे खरेच आहे. ते कोणी नाकारण्याचे कारण नाही.

१६/
मात्र त्यांच्या दरबाराची भाषा फारसी होती, हेही तितकेच खरे. हे नाव भारतात आले ते फारसीच्या बोटाला धरून. आणि फारसी ही काही एका धर्माची खासगी मालमत्ता नव्हती. कायस्थ आणि खत्री मुनशी ती लिहीत, राजपूत दरबारांचे पत्रव्यवहार तीत होत, पेशव्यांच्या पदरीही फारसी जाणणारे पारसनीस असत. 'पारसनीस' हे आडनाव आपल्याकडे आजही आहे.

१७/
आणि उर्दू? 'उर्दू' हा शब्दच तुर्की, अर्थ छावणी. व्याकरण मात्र दिल्लीच्या परिसरातील, हिंदीचे सख्खे. तिच्यात रूढ असलेल्या नावांची उगमस्थाने निरनिराळी आहेत. करीम आणि हसन अरबी. फिरोज, परवेज, शहरयार फारसी. अर्सलान (सिंह) आणि तैमूर (लोखंड) तुर्की. 'उर्दू नाव' म्हणजे उर्दू बोलणाऱ्यांत रूढ असलेले नाव, इतकाच त्याचा अर्थ. 'मराठी नाव' म्हणताना आपण तरी दुसरे काय म्हणतो?

१८/
उर्दूने या नावासाठी एक मोठे काम केले आहे, त्याचे श्रेय तिला द्यायला हवे. आजच्या इराणमध्ये जुना 'ए' 'ई'त मिसळला आणि जुना 'ओ' 'ऊ'त. म्हणून तिथे 'फीरूज' म्हणतात. भारतीय फारसीने आणि तिच्या मागोमाग उर्दूने जुने स्वर पुष्कळ प्रमाणात जपले. आपल्या 'फिरोज'मधला 'ओ' हा सासानी 'पेरोज'चा 'ओ' आहे. तेहरानमध्ये तो हरवला, आपल्याकडे तो जिवंत राहिला.

१९/
हे पटत नसेल तर 'शेर' घ्या. आजच्या इराणी उच्चारात सिंहही 'शीर' आणि दूधही 'शीर'. आपल्याकडे मात्र 'शेर' म्हणजे सिंह किंवा वाघ, आणि दूध ते 'शीरखुर्म्या'तले 'शीर'. ईदच्या दिवशी शेजाऱ्याच्या घरी शीरखुर्मा खाणाऱ्या मराठी माणसाच्या जिभेवर फारसीचा असा एक जुना भेद आहे, जो आज तेहरानमध्ये ऐकू येत नाही. याला 'परकी भाषा' म्हणायचे असेल, तर परके कोण आणि घरचे कोण, हे आधी ठरवावे लागेल.

२०/
आता मुंबईत या. इराणातून आलेल्या जरथुश्त्री लोकांनी, म्हणजे आपल्या पारशांनी, हे नाव जपले. सर फेरोजशहा मेहता (१८४५ ते १९१५) हे १८९० च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा. पालिकेच्या मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे. आणि विक्रोळीचे पिरोजशानगर? ते नाव उद्योगपती पिरोजशा गोदरेज (१८८२ ते १९७२) यांचे. एकाच शहरात, एकाच समाजात 'फ' आणि 'प' ही दोन्ही रूपे शेजारीशेजारी राहतात.

२१/
पिरोजशानगरला कोणी 'मुसलमानी नाव' म्हणत नाही. काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनाचे नाव मोगल बादशहाचे आहे म्हणून कोणी मोर्चा काढत नाही. जे. आर. डी. टाटा यांच्या नावातील 'जे' म्हणजे जहांगीर, यातही कोणाला कट दिसत नाही. मग 'फिरोज' या तीन अक्षरांतच तो का दिसतो? कारण तो शब्दात नाही, पाहणाऱ्याच्या गरजेत आहे.

२२/
फिरोज गांधींविषयीच्या नोंदी स्पष्ट आहेत. जन्म १२ सप्टेंबर १९१२, मुंबई. वडील जहांगीर फरीदून घांदी, आई रतिमाई. कुटुंब पारशी, मूळ भरूचचे. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग पुढे महात्मा गांधींच्या आडनावाप्रमाणे केले गेले, इतकाच तो बदल. वडिलांच्या नावाचा अर्थ 'जग जिंकणारा', मुलाच्या नावाचा 'विजयी', आणि आजोबा फरीदून म्हणजे अवेस्तापासून चालत आलेला इराणी पुराणपुरुष. तीन पिढ्यांची तीन नावे आणि तिन्ही इराणी.

२३/
या माणसाने संसदेत केलेले काम मात्र 'फॉरवर्ड'मध्ये कधी येत नाही. रायबरेलीचे खासदार असताना त्यांनी मांडलेल्या खासगी विधेयकातून १९५६ चा कायदा झाला, आणि संसदेच्या कामकाजाचे वृत्त निर्भयपणे छापण्याचे संरक्षण वृत्तपत्रांना मिळाले. आणीबाणीत तो रद्द झाला. १९७७ मध्ये पुन्हा आणला गेला. डिसेंबर १९५७ मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध त्यांनी मुंदडा प्रकरण उभे केले. न्यायमूर्ती छागलांची चौकशी झाली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. ज्याचे कर्तृत्व इतके, त्याच्यावर आपण चर्चा करतो ती नावाची!

२४/
इथे बहुतेक खंडने संपतात. "फिरोज गांधी मुसलमान नव्हते, पारशी होते. विषय संपला." माझ्या मते खरा विषय इथे सुरू होतो. हे उत्तर तथ्य म्हणून बरोबर आहे, परंतु ज्या सुरात ते दिले जाते तो सूर घातक आहे. 'मुसलमान नव्हते हो!' असे घाईघाईने सांगताना, मुसलमान असणे हा एक आरोप आहे, हे आपण मान्य करून टाकतो. आरोपीला निर्दोष सोडवितो आणि कायदा तसाच ठेवतो.

२५/
हे केवळ शब्दच्छल वाटत असेल, तर एक प्रसंग सांगतो. माझ्या एका पारशी सहाध्यायाचे नाव हेच. जूनमध्ये तो खोली शोधत होता. दूरध्वनीवर पहिले नाव ऐकताच मालकांनी "खोली गेली" असे सांगितले. मध्यस्थाने त्याचे आडनाव कळविल्यावर त्यांचाच उलट फोन आला : "अहो, मग आधी नाही का सांगायचं!" त्याने खोली घेतली, सत्र सुरू झाले होते, दुसरा इलाज नव्हता. मालकांना वाटले, गैरसमज मिटला. गैरसमज कुठे मिटला? ज्याचे आडनाव त्याची सुटका करीत नाही, त्याच्यासाठी खोली अजूनही 'गेलेली'च आहे.

२६/
म्हणून 'फिरोज हे नाव पारशीही असते' हे या धाग्याचे तात्पर्य नव्हे. तसे असते तर मी फक्त एका समाजासाठी सवलत मागितली असती. तात्पर्य असे, की नावावरून माणसाचे मूळ, निष्ठा आणि लायकी ठरविण्याची ही सारी पद्धतच अज्ञानावर उभी आहे. फिरोज मुसलमान असला तरी तो भाडे तेवढेच देतो, आणि त्याचे नाव तितकेच जुने, तितकेच सुंदर असते.

२७/
आता दोन्ही बाजूंच्या 'शुद्धीकरणवाद्यां'विषयी. पहिले म्हणतात, "मुळात हा शब्द संस्कृतच!" आधार असा, की 'पेरोज'ची व्युत्पत्ती सामान्यतः 'परि' आणि 'बळ' या अर्थाच्या प्राचीन इराणी शब्दांपासून लावली जाते, आणि त्यातील दुसरा शब्द अवेस्तातील 'अओजह्', म्हणजे आपल्या 'ओजस्'चा सगोत्र. सगोत्र हे खरे. परंतु सगोत्र म्हणजे अपत्य नव्हे. चुलत भावाला मुलगा म्हणून वंशावळीत घुसविणे हा इतिहास नव्हे. अवेस्ता आणि वेद यांच्या भाषा एका पूर्वज भाषेच्या दोन शाखा आहेत. नाते इतके जवळचे असताना ते खोटे वाढवून सांगण्याची गरजच काय?

२८/
दुसरे म्हणतात, "फारसी नावे अस्सल इस्लामी नव्हेत, अरबीच ठेवा." हाही तोच रोग, उलट्या बाजूने. हजार-बाराशे वर्षे मुसलमान घरांत जे नाव पाळण्यात हलविले गेले, ते आता परके कसे झाले? अरब जगात तर हाच शब्द 'फैरूज' या रूपात, फिरोजा खड्याच्या अर्थाने, ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या लेबनॉनच्या थोर गायिकेने धारण केला. जरथुश्त्री, मुसलमान, ख्रिस्ती : शब्द सगळ्यांच्या घरी राहिला आणि कोणाचीही नोकरी त्याने पत्करली नाही.

२९/
"पण आमच्याकडे असे काही नाही," असे म्हणणाऱ्या मराठी वाचकाने आपल्याच वंशावळी उघडाव्यात. दौलतराव : 'दौलत' अरबी. साहेबराव : 'साहेब' अरबी. गुलाबराव : 'गुलाब' फारसी. फत्तेसिंगराव : 'फत्ते' अरबी, अर्थ विजय, म्हणजे अर्थाने फिरोजचा सख्खा भाऊ! चिटणीस, फडणीस, पोतनीस यांतील 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. आणि शहाजी, शरीफजी ही मालोजीराजांच्या पुत्रांची नावे. नगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून ती ठेवली, असे परंपरा सांगते.

३०/
यावर 'राज्यव्यवहारकोशा'चा दाखला येतो : शिवाजी महाराजांनी फारसी शब्द हटविले ना? हटविले, राज्यकारभाराच्या परिभाषेतून. नव्या सार्वभौम राज्याला स्वतःची परिभाषा हवी होती म्हणून. तो एक विचारपूर्वक घेतलेला राजकीय निर्णय होता. परंतु महाराजांनी आपल्या वडिलांचे नाव बदलले नाही. परिभाषा घडविणे आणि माणसांची नावे संशयित ठरविणे यांतला फरक त्यांना कळत होता. त्यांचे नाव घेऊन भांडणाऱ्यांनी तो समजून घ्यावा.

३१/
एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे, त्याचे उत्तर देणे लागतो. "आज महाराष्ट्रात फिरोज नाव ऐकले तर तो मुसलमान किंवा पारशी असेल हा अंदाज बहुधा बरोबर येतो की!" होय, येतो. नावे समाजांत रूढ होतात आणि अंदाज बांधणे हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु अंदाज हा अंदाजच असतो. तो पुरावा म्हणून वापरला की खोटा इतिहास तयार होतो. तो निकाल म्हणून वापरला की एखाद्याची खोली जाते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला पहिल्याची चीड आहे, नागरिक म्हणून दुसऱ्याची लाज.

३२/
तेव्हा कोणत्याही नावाविषयी तीन प्रश्न विचारावेत. शब्द कोणत्या भाषेतला? तो कोणकोणत्या वाटांनी आला? आणि कोणाकोणाच्या घरी राहिला? 'फिरोज'ची उत्तरे अशी : मूळ इराणी; वाट पहलवी, फारसी, कुठे अरबीच्या उंबऱ्यावरून, पुढे उर्दू, गुजराती, मराठी; मुक्काम अग्निपूजकांच्या, मुसलमानांच्या आणि ख्रिस्त्यांच्या घरी. चौथा प्रश्न, 'मग हा माणूस कसा आहे?', याचे उत्तर कोणत्याच कोशात नाही. ते त्या माणसाला भेटून मिळते.

३३/
पुढच्या वेळी तो 'शोध' आपल्या गटात आला, तर केवळ "ते पारशी होते" एवढेच लिहून थांबू नका. दोन वाक्ये लिहा. "ते पारशी होते, आणि मुसलमान असते तरी त्यात लपविण्यासारखे किंवा उघड करण्यासारखे काहीच नव्हते." पहिले वाक्य इतिहासासाठी आहे. दुसरे, ज्यांना आजही दूरध्वनीवर पूर्ण नाव सांगण्याआधी क्षणभर थांबावे लागते, त्यांच्यासाठी आहे.

(समाप्त)